मिरजेत उघडायचे पुस्तक

माझ्या मित्राची मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते. ती या दिवाळीत दहा दिवसांसाठी सांगलीला येणार आहे आणि तिच्या बॅगेत माझ्यासाठी एक पुस्तक असणार आहे. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी शाळकरी वयात वडिलांच्या बरोबरीने जी गिटार घरातच बनवली आणि पुढे आयुष्यभर जी वाजवली, त्या एकाच गिटारवर लिहिलेले हे पुस्तक आहे. स्वतः मे यांनी सायमन ब्रॅडली यांच्या साथीने ते लिहिले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते निघाल्याचे वाचले त्या वर्षी माझ्या वर्कशॉपच्या कर्जाचे हप्ते चालू होते. पौंडांतली किंमत रुपयांत मांडून पाहिली आणि तो विचार पुढच्या वर्षावर ढकलला. पुढचे वर्ष आले, त्याच्या पुढचेही आले, आणि पाहता पाहता दहा वर्षे उलटून गेली.

मुलीला ते तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले. तिने त्याच संध्याकाळी फोन केला आणि विचारले, “काका, तोवर आतल्या पानांचे फोटो पाठवू का?” मी नको म्हणालो. तिला थोडे आश्चर्य वाटले असावे, पण तिने कारण विचारले नाही. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, ते फोनच्या काचेवर तुकड्यातुकड्यांनी पाहण्याची माझी इच्छा नव्हती, आणि दुसरे एक कारण मिरजेत आहे, ते पुढे येईलच.

माझा व्यवसाय मोटार रिवाइंडिंगचा आहे. कृष्णाकाठच्या पाणीउपशाच्या आणि विहिरींवरच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडे येतात. जळालेली तांब्याची तार काढायची, स्लॉट साफ करायचे, इन्सुलेशनचा कागद बसवायचा, वेढे मोजत नवी गुंडाळी भरायची, व्हार्निश द्यायचे आणि वाळवायचे, हे काम मी वडिलांकडून शिकलो आणि नंतर विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रिकलच्या वर्गात त्यामागचे शास्त्र शिकलो. क्वीन ऐकले तेही त्याच काळात, वसतिगृहातल्या मुंबईच्या एका मित्राच्या खोलीत. त्याच्या टू-इन-वनवर कॅसेट लागली होती आणि गाण्याच्या मधोमध एक सुरावट आली, जी मला तीन-चार व्हायोलिनांची वाटली. कोणते वाद्य आहे, असे मी विचारले. तो म्हणाला, गिटार. मी विश्वास ठेवला नाही. आमच्याकडे गिटार म्हणजे हिंदी गाण्यांत ऐकलेली ती झंकारणारी साथ, किंवा गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कोपऱ्यात उभा असलेला मुलगा. एकाच माणसाने, एकाच गिटारवर, एकावर एक थर ध्वनिमुद्रित करत ती सुरावट उभी केली आहे, हे पटायला मला बरेच दिवस लागले. नंतर कळले की अविश्वास दाखवणारा मी पहिला नव्हतो. १९७० च्या दशकातल्या क्वीनच्या अल्बमच्या वेष्टनांवर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, अशा अर्थाची सूचना छापण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. १९७५ च्या एका गाण्यात तर मे यांनी गिटारवरच क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन असा अख्खा जॅझ बँड उभा केला आहे.

आपल्याकडे क्वीनचा विषय निघाला की बोलणे लगेच पाचगणीला जाते, आणि ते स्वाभाविक आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारला जन्मलेला फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ या शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला, ही सातारा जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशीच गोष्ट आहे. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, त्यानंतर काही वर्षांनी मी एकदा वाईहून पसरणीचा घाट चढून मुद्दाम पाचगणीला गेलो होतो आणि शाळेच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहून परत आलो होतो. फ्रेडीचा आवाज मला फार प्रिय आहे. तरीही मनात एक तक्रार राहते. गायकाचे चरित्र सर्वांना ठाऊक असते, त्याच्यावर चित्रपट निघतात, त्याच्या कपड्यांचा लिलाव होतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या उंच, कुरळ्या केसांच्या माणसाच्या हातातले वाद्य कशाचे बनले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. मला नेमके तेच विचारायचे होते आणि त्याचे उत्तर ज्या पुस्तकात आहे, त्याची मी वाट पाहत होतो.

उत्तराचे तुकडे मी जमवले होतेच. इंग्रजी मासिकांतली कात्रणे, झेरॉक्स, कॅसेटच्या आतले कागद आणि वाचलेल्या वर्णनांवरून मी स्वतः काढलेल्या आकृत्या, असे सगळे एका खाकी फायलीत लावलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये छातीइतके पाणी होते. मोटारी नंतर उघडून वाळवता आल्या, फायलीचा मात्र लगदा झाला होता. त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली, १८६९ पासून जपलेल्या त्या संस्थेतली, हजारो पुस्तके भिजून गेली. शहराचे एवढे नुकसान झालेले असताना एका फायलीचे दुःख बोलून दाखवणे मला शोभले नसते, म्हणून मी ते कोणाला सांगितले नाही. पण तेव्हापासून ते पुस्तक घरात असावे ही इच्छा फार बळावली. कात्रणांत जे होते ते पुन्हा एका जागी, आणि या वेळी ते वाद्य ज्याने बनवले त्याच्याच शब्दांत, मिळावे असे वाटू लागले.

गिटारची हकीकत मला पाठ आहे, तरी ती इथे सविस्तर सांगावीशी वाटते, कारण मराठीत ती फारशी कोणी सांगितलेली नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, मे यांनी हे काम सुरू केले. त्यांना इलेक्ट्रिक गिटार हवी होती, पण फेंडरची स्ट्रॅटोकास्टर घेणे घरच्यांच्या आवाक्यातले नव्हते. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते, हाताचे कसबी होते, आणि घरात लागणारी वस्तू शक्य तर घरीच बनवावी अशा स्वभावाचे होते. बापलेकांनी मिळून गिटार बनवायची ठरवली. त्या कामाला सुमारे दोन वर्षे लागली आणि एकूण खर्च सुमारे ८ पौंड आला, असे सांगितले जाते.

गिटारची नेक, म्हणजे सतारीच्या भाषेत दांडी, महोगनीची आहे आणि ते लाकूड शंभराहून अधिक वर्षे जुन्या शेकोटीच्या चौकटीतून निघालेले आहे. त्याला किड्यांनी भोके पाडली होती, ती काडेपेटीतल्या काड्या घालून बुजवली. नेकला आकार दिला तो साध्या खिशातल्या चाकूने. बॉडीचा गाभा एका जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा आहे, त्याच्या भोवती ब्लॉकबोर्ड आहे आणि वरून महोगनीचा पातळ थर चिकटवलेला आहे. आत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या आहेत, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाने गिटार स्वतःच थरथरू लागावी आणि सूर लांबत राहावा. बोटे चालतात त्या पट्टीवर २४ पडदे आहेत आणि जागा दाखवणाऱ्या पांढऱ्या टिकल्या आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घासून केलेल्या आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक खिळवून ठेवतो तो ट्रेमोलोचा भाग. हाताशी असलेला एक दांडा दाबला की सगळ्या तारांचा ताण एकदम कमी होतो आणि सूर खाली घसरतो, सोडला की सूर पुन्हा जागेवर यावा लागतो. बहुतेक गिटारींची अडचण अशी असे की सूर पुरता जागेवर येत नसे, कारण तार जिथे जिथे टेकते तिथे घर्षणाने किंचित अडकते. सोळा वर्षांच्या मुलाने ही अडचण मुळापासून विचारात घेतली. त्याने तारा धरून ठेवणारी पट्टी कडक पोलादाच्या चाकूच्या धारेवर तोलली, म्हणजे टेकण्याची जागा उरली ती केवळ एक रेघ. तारांच्या ओढीला तोलून धरण्यासाठी १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, प्रत्येक तारेखाली फिरणारा छोटा रूळ घातला, म्हणजे तार घासणार नाही, रूळच तिच्याबरोबर फिरेल. दांडा सायकलला पिशवी अडकवण्याच्या सळईपासून केला आणि त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा लावला. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा वर्कशॉपमध्ये बसून त्याची आकृती काढली होती. तराजूची दांडी पोलादी धारेवर का तोलतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला ही कल्पना लगेच कळेल. पण ती गिटारमध्ये घालावी हे सुचण्यासाठी फार वेगळी नजर लागते.

पिकअपविषयी, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाविषयी, मी अधिकाराने बोलू शकतो, कारण तो शेवटी माझ्याच कामाचा विषय आहे. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि वर पोलादाची तार थरथरू द्यायची. तारेच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते, तीच पुढे मोठी होऊन स्पीकरमधून ऐकू येते. तत्त्व तेच, जे जनित्रात असते. मे यांनी आधी पिकअपही स्वतःच बनवले होते. ते चांगले वाजत होते, पण तार बोटाने आडवी ओढली की आवाज विचित्र होई, कारण चुंबकांचे ध्रुव आळीपाळीने उलट मांडले गेले होते आणि सरकणारी तार एका ध्रुवावरून दुसऱ्याकडे जात होती. दोष समजल्यावर त्यांनी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप विकत घेतले आणि त्यांच्या पोकळीत इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट राळेसारखा पदार्थ, भरली, म्हणजे आतले वेढे मोठ्या आवाजात स्वतःच थरथरून किंचाळणार नाहीत. हे वाचताना मला माझे वडील आठवले. व्हार्निश नीट न मुरवता मोटार बंद करण्याची घाई मी एकदा केली होती, तेव्हा त्यांनी ती पुन्हा उघडायला लावली होती. गुंडाळी हलली तर ती स्वतःलाच खाते, असे ते म्हणत. मिडलसेक्समधल्या एका घरात एका मुलाला तेच कळले होते, आणि त्याच्या हातात मोटारीऐवजी गिटार होती, एवढाच फरक होता.

तीन पिकअप त्यांनी सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडले. इतर गिटारींत ते सहसा समांतर जोडलेले असतात. प्रत्येक पिकअपला एक चालू-बंदचा आणि एक फेज उलटवण्याचा, असे सहा छोटे स्विच आहेत. दोन पिकअपच्या लहरी एकमेकींना पूरक ठेवल्या की आवाज भरदार होतो. एकीची दिशा उलटवली की त्यातले काही स्वरांश एकमेकांना खोडतात आणि जो सूर उरतो तो बारीक, धारदार, रडवेला असतो. वर्गात सरांनी फळ्यावर काढून दाखवलेल्या दोन उलट्या लहरी परीक्षेपुरत्याच आहेत असे मला वाटले होते. त्यांतून कोणी असा आवाज काढू शकेल, हे मला कॅसेटने शिकवले.

वाजवण्यासाठी मे प्लास्टिकचे प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायचा छोटा तुकडा, वापरत नाहीत, सहा पेन्सचे जुने नाणे वापरतात. ते चलनातून गेल्यावर, पुढे १९९३ मध्ये, त्यांच्या दौऱ्यासाठी रॉयल मिंट या ब्रिटनच्या टाकसाळीने खास नाणी पाडून दिली. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. ते तारेवर किंचित तिरके फिरले की सुराच्या सुरुवातीला एक खरखरीत, तुषारांसारखा आवाज उठतो आणि मग मूळ सूर उमलतो. मी कडेला दाते असलेले एक जुने नाणे घेऊन शेजारच्या मुलाच्या गिटारवर हे करून पाहिले आहे, आणि फरक नवख्या कानालाही कळतो.

आता मिरजेकडे येतो. सांगलीहून मिरजेला जायला अर्धा तास पुरतो, आणि सतारमेकर गल्लीत माझे एक वयस्कर परिचित आहेत, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांच्या कारखान्यातल्या पॉलिशिंगच्या मोटारीचे काम माझ्याकडे असते, त्यातून ओळख झाली आणि पुढे ती मोटारीपुरती राहिली नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्यांची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि इतर हत्यारे घडवणारे, त्यांना धार लावणारे. संस्थानी काळात शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा तेच हात वाद्यांकडे वळले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि वाद्याच्या जवारीवर, म्हणजे घोडीवर टेकत-सुटत वाजणाऱ्या तारेच्या खरखरीत गुंजनावर, त्यांनी या कारागिरांबरोबर बारकाईने काम केले, ही आठवण गल्लीत अजून आदराने सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

चाचांना मी या गिटारची गोष्ट काही वर्षांपूर्वी सांगितली. त्यांनी क्वीन कधी ऐकलेले नव्हते. मी शेकोटीच्या लाकडाविषयी सांगितले, तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. “जुन्या लाकडाचं हलणं-डुलणं होऊन गेलेलं असतं,” ते म्हणाले, “ते मग दगा देत नाही.” त्यांच्या मागे माळ्यावर तूणाच्या फळ्या रचलेल्या होत्या आणि कोपऱ्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत होते. शेतात उगवलेल्या भोपळ्यातून जो माणूस तानपुरा काढतो, त्याला शेकोटीतून गिटार निघाल्याचे अप्रूप का वाटावे? पण नाण्याविषयी सांगितले तेव्हा मात्र ते थांबले. मी मोबाइलवर एक तुकडा लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले की याने सुराला जवारी काढली आहे, फक्त घोडीवर काढायची ती हातात काढली आहे.

हे वाक्य मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही. तानपुऱ्याची घोडी सपाट नसते. तिला अगदी सूक्ष्म उतार देतात, म्हणजे तार तिच्यावर टेकत-सुटत राहते आणि एका सुरातून अनेक स्वरांश उजळतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी पकडतात. नाण्याच्या दात्यांनी होते ते तंतोतंत तेच नाही, कारण ते फक्त सुराच्या आरंभी होते, पण शुद्ध सुरात थोडी खर मिसळली की तो अधिक जिवंत होतो, ही समज दोन्हीकडे सारखी आहे. रॉक संगीतावरच्या लेखांत हे मला कधी वाचायला मिळाले नव्हते. ते मिरजेतल्या एका कारागिराने दोन मिनिटांत सांगितले.

म्हणूनच या पुस्तकाकडून माझी अपेक्षा इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे. आमच्या रविवारच्या चार-पाच जणांच्या मंडळात बाकीच्यांना दौऱ्यांची छायाचित्रे पाहायची आहेत. एकाला १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीविषयी वाचायचे आहे, तर एकाला ३ जून २००२ ला मे बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून राष्ट्रगीत वाजवत होते त्या क्षणाविषयी. ते सगळे असावे. मला मात्र मापे हवी आहेत. नेक बॉडीत किती खोल गेली आहे, स्प्रिंगा किती दाबल्या गेल्या आहेत, आतल्या पोकळ्यांचा आकार कसा आहे, वायरिंग कोणत्या क्रमाने केले आहे, हे मला पाहायचे आहे. एखाद्या कलावंताचा गौरव करायचा तर त्याच्या विक्रीचे आकडे सांगण्यापेक्षा त्याने केलेले काम उघडून दाखवावे, असे मला मनापासून वाटते. प्रसिद्धी सर्वांना दिसतेच. आतला सांधा मात्र कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आणि मला हॅरॉल्ड मे यांच्याविषयी वाचायचे आहे. ज्या वडिलांनी मुलाबरोबर दोन वर्षे खपून गिटार बनवली, त्याच वडिलांना मुलाने खगोलभौतिकीचे संशोधन अर्धवट सोडून ती गिटार पोटापाण्यासाठी वाजवावी हे मुळीच मान्य नव्हते. बराच काळ दोघांत दुरावा राहिला. पुढे मुलाने आईवडिलांना न्यूयॉर्कला नेले, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला, आणि तेव्हा कुठे वडिलांनी त्याची निवड मान्य केली. मे यांनीही अर्धे सोडलेले काम सोडून दिले नाही. १९७० मध्ये सुरू केलेला राशिचक्रीय प्रकाशाच्या धूलिकणांवरचा प्रबंध त्यांनी २००७ मध्ये इंपिरियल कॉलेजात पूर्ण केला. त्यांच्या डॉक्टरेटचे कौतुक पुष्कळ झाले आहे, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. गिटारचेही तसेच. ती झिजली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली नाही, १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायर या कारागिराकडून दुरुस्त करून घेतली. दुरुस्तीविषयीची प्रत्येक ओळ मी सावकाश वाचणार आहे, कारण माझे सारे आयुष्य दुरुस्तीत गेले आहे आणि मूळ वस्तूला न दुखावता ती पुन्हा चालती करणे किती कठीण असते हे मला ठाऊक आहे.

चाचांच्या मनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्यांनी एकदाच, अगदी शांतपणे सांगितली होती. त्यांच्या घराण्याने बनवलेले तानपुरे मोठ्या मोठ्या मैफलींत गायकाच्या मागे उभे असतात. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायकाचे नाव असते, तबलजीचे, पेटीवाल्याचे असते, तानपुऱ्यावर साथ करणाऱ्या शिष्यांचेही असते. तानपुरा कोणी बनवला ते नसते. सतारमेकर हे आडनाव झाले, एवढाच काय तो उल्लेख. ते हे तक्रारीच्या सुरात म्हणाले नव्हते. पण एका वाद्यावर, त्याच्या लाकडावर आणि स्प्रिंगांवर, अख्खे पुस्तक निघाले आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि ते मला पुन्हा एकदा सांगायला लावले.

सप्टेंबर २०२४ मध्ये मे यांनी स्वतःच जाहीर केले की सौम्य पक्षाघातामुळे काही दिवस त्यांचा डावा हात ताब्यात नव्हता, मात्र गिटार वाजवता येते आहे. ती बातमी मी वर्कशॉपमध्ये वाचली आणि त्या दिवशी कामात लक्ष लागले नाही. डावा हात म्हणजे पडद्यांवर फिरणारा हात. त्यानंतरच मी मित्राच्या मुलीला फोन केला आणि हे पुस्तक शोधायची विनंती केली. इतके दिवस जे पुढे ढकलत आलो, ते आणखी ढकलू नये, असे तेव्हा तीव्रतेने वाटले.

गेल्या आठवड्यात मिरजेला गेलो होतो तेव्हा चाचांनी पुस्तक कधी येणार ते विचारले. मी तारीख सांगितली. मग त्यांनी त्यांचा प्रश्न सांगितला, जो बहुधा ते बरेच दिवस मनात घोळवत असावेत. “ती पट्टी ज्या धारेवर तोलली आहे, ती धार साठ वर्षांत बोथट कशी नाही झाली? पोलादाला पाणी कसं दिलं होतं?” त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी तलवारींना धार लावली होती. हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि माझ्या भिजून गेलेल्या फायलीतही त्याचे उत्तर कुठे नव्हते.

त्यामुळे असे ठरले आहे की पुस्तक हातात पडले तरी मी ते सांगलीत उघडायचे नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज आटोपली की, दुपारी मी ते घेऊन सतारमेकर गल्लीत जाईन. चाचांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला आहे. पहिल्यांदा ट्रेमोलोचे पान शोधायचे आहे, बाकीचे नंतर.